ओटीची गाठ

कापसाच्या जीनमध्ये बोललेलं ऐकू येत नसे, म्हणून मला तिथलं काम आवडायचं. एकदा रेचे सुरू झाले की त्या आवाजाने कान भरून जात. बाया एकमेकींशी हाताच्या खुणांनी बोलत. मला तेवढंही करावं लागत नसे. मान खाली घालून कापूस पुढे सारत राहायचं. लहानपणापासून चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. चौथीत गुरुजींनी कविता म्हणायला उभं केलं, तर मी पहिल्या ओळीवरच रडू लागले. गुरुजी म्हणाले, हिचं अक्षर तेवढं चांगलं आहे.

ते अक्षर उजव्या हाताचं होतं. हे लिहिते आहे ते डाव्या हाताने, म्हणून वाकडं आहे. कोणाला दाखवायचं नाही, तेव्हा वाकडं असलं तरी चालेल.

आमचं गाव आर्णीच्या बाजूला. जीन गावापासून कोसभर. रेचा म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणारं यंत्र. चामड्याचा एक रूळ फिरत असतो, त्याला लागून पोलादी पट्टी असते. रूळ रुई ओढून घेतो, सरकी खाली गळते. कापूस ओला आला की तिथे गोळा होऊन अडकतो. तो काढायचा असेल तर रेचा थांबवावा, असा नियम होता म्हणे. पण थांबवायचं म्हटलं की पट्टा काढायला माणूस बोलवावा लागे, तेवढा वेळ काम बंद, आणि मुकादम अंगावर ओरडत येई. म्हणून आम्ही सगळ्याच चालत्या रेच्यात बोटं घालून गोळा काढत होतो. मीही दोन हंगाम काढत होते. तिसऱ्या हंगामात, पौष महिन्यात, एक दिवस बोटं बाहेर आली नाहीत.

दुखलं ते नंतर. आधी मी ओरडले, आणि कोणाला ऐकू गेलं नाही. हे मला अजून आठवतं आणि अजून घाम येतो. शेजारच्या रेच्यावरची बाई मान खाली घालून काम करत होती. मी ओरडत होते आणि माझं मलाही ऐकू येत नव्हतं. पांढरी रुई लाल होऊन बाहेर आली तेव्हा तिने वर पाहिलं.

अंगठा गेला, त्याच्या शेजारचं बोट गेलं आणि मधलं बोट गेलं. करंगळी आणि तिच्याजवळचं एक, अशी दोन राहिली. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. लग्नाला तीन वर्षं झाली होती, मूल नव्हतं.

यवतमाळच्या दवाखान्यातून महिन्याने घरी आले. त्यानंतर चार दिवसांनी जीनचे दिवाणजी घरी आले. डोक्याला टोपी, हातात छत्री. त्यांनी एक कागद आणि थोड्या नोटा खाटेवर ठेवल्या.

"मालकाला फार वाईट वाटलं. पुढच्या हंगामात सरकी झाडायचं हलकं काम देऊ. इथे सही केली की झालं," ते म्हणाले.

माझे सासरे दारात उभे होते. दोन वर्षांपूर्वी ते नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले होते. आल्याआल्या घरातले देव टोपल्यात घालून नदीत सोडले, आणि त्या दिवसापासून गावात कोणापुढे वाकायचं त्यांनी बंद केलं होतं. ते नोटांकडे बघत म्हणाले, "हे का व्हय?"

"मदत."

"मदत नाई पायजे. तिच्या हाताची जे काई भरपाई कायद्यात बसते ते द्या."

दिवाणजी हसले. "कायद्यात बोटाला काय मिळतं ते तुम्हाला माहीत आहे का?"

"मले माहीत नाई. ज्याले माहीत आहे त्याले इचारतो."

दिवाणजींनी नोटा उचलल्या. जाताना माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. माझा नवरा त्याच जीनमध्ये हमाल होता, गाठी उचलायचा. "तुझं काम आहे ना रे अजून?" एवढंच ते म्हणाले. त्या दिवसापासून नवरा या प्रकरणात एक शब्द बोलला नाही. मी त्याला दोष देत नाही. त्याची भीती मला कळत होती, माझ्याजवळही तीच होती.

यवतमाळला कचेरीच्या आवारात कडुनिंबाखाली अर्ज लिहिणारे बसत. त्यातल्या एकाकडे सासरे मला आणि सासूला घेऊन गेले. म्हातारा माणूस होता, चष्म्याला दोरा बांधलेला. त्याने माझा हात उलटासुलटा करून पाहिला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परक्या माणसाने हात धरला नव्हता कधी, आणि धरला तो असा.

"हे पाहा," तो सासऱ्यांना म्हणाला, "कायद्याच्या पुस्तकात एकेका बोटाचा हिस्सा लिहून ठेवलेला आहे. अंगठ्याचा मोठा, बाकीच्यांचा लहान. तिन्हींचा मिळून जो होईल तो तर मिळेलच. पण भरपाई ठरवणारा साहेब नुसती बोटं मोजत नाही. बोटं गेल्यामुळे कमाई किती गेली, तेही त्याला पाहता येतं. ही बाई कापसाची मजूर. जीनमध्ये कापूस, शेतात कापूस. तिचं सगळं पोट या चिमटीवर. चिमूटच राहिली नाही. म्हणजे पुस्तकात आहे त्याहून जास्त मागता येतं. मात्र ते सिद्ध करावं लागतं."

"कसं?"

"हिने साहेबासमोर सांगायचं. हाताने काय काय होत नाही ते एकेक सांगायचं. भाकरी थापता येत नाही, दोरी ओढता येत नाही, कापूस वेचता येत नाही. हात कामाचा राहिला नाही, असं स्वतःच्या तोंडाने म्हणायचं." मग माझ्याकडे वळला. "सांगशील ना पोरी? आणि शपथेवर खोटं काही बोलायचं नाही. शपथेवर खोटं बोललं तर शिक्षा असते."

सासरे म्हणाले, "सांगन. शिकेल आहे ते, चवथी पास."

मी मान हलवली. पण हात कामाचा राहिला नाही, हे वाक्य म्हणजे मी दवाखान्यात असल्यापासून ज्या गोष्टीला भीत होते, नेमकी तीच गोष्ट होती.

कारण घरी मी उलटं करत होते. जखम भरली तशी मी पहाटे सगळ्यांच्या आधी उठून पाणी भरू लागले. घागर डाव्या कमरेवर घ्यायला शिकले. झाडलोट डाव्या हाताने. जमत नसे ते पदराखाली लपवून करायची. भाकरी थापता येत नव्हती, तर परातीत पीठ भिजवून ठेवायची आणि चूल पेटवायच्या निमित्ताने उठायची, मग सासू थापायला बसे. काम होत नाही असं घरात कोणी म्हणू नये, एवढंच माझ्या डोक्यात असायचं. बिनकामाच्या सुनेला माहेरी पोचवून देतात. माझ्या माहेरी फक्त भाऊ आणि भावजय होती, आणि भावजयीचा स्वभाव मला माहीत होता.

त्यात उन्हाळ्यात सासूची मावसबहीण आली. ती खाटेवर बसून तंबाखू मळायची आणि डोळ्यांनी माझ्या हाताच्या मागे मागे फिरायची. मी दोन्ही पंजांत धरून पाण्याचा गडवा दिला तर म्हणाली, "बाप्पा! पाणीबी दोन हातांनी? नवस बोलल्यावानी देते हे तर."

सासू डाळ निवडत होती.

"म्या म्हणतो, बाई," ती सासूला म्हणाली, मी तिथेच असताना, "माह्या दिराची पोरगी आहे. धडधाकट. इले हाकला असं म्या म्हणत नाई. हे राहीन एका कोपऱ्यात. पण घरात दोन हातांची बाई तं पायजे का नाई? तुहं वय झालं. लेकरूबी नाई अजून."

"एका हाताच्या बाईनं घर कसं चालन, हे तं मलेबी समजून नाई राह्यलं," सासू म्हणाली.

ती हे खोटं बोलली नाही. तिला खरंच कळत नव्हतं, हे मला आज समजतं. त्या दिवशी मात्र मी गडवा घेऊन मागच्या दारी गेले आणि भिंतीला टेकून उभी राहिले. मावसबहीण चार दिवस राहिली. जाताना म्हणाली, "दिवाळीनंतर येतो. तवा सांगजो."

दिवाळीनंतर कापूस फुटला. वेचणी सुरू झाली. मीही जाणार म्हणून मी सासऱ्यांना सांगून टाकलं. ते म्हणाले, "जमन का?" मी म्हटलं, "जमते, मामाजी." वेचताना बाई कमरेला ओटी बांधते. म्हणजे जुन्या लुगड्याचा तुकडा, दोन टोकं कमरेमागे गाठ मारून बांधायची आणि पुढचे दोन कोपरे वर खोचायचे, की पिशवी होते. वेचलेला कापूस त्यात टाकत जायचं. पहिल्या दिवशी सकाळी मी गोठ्यामागे जाऊन ती बांधायला लागले. एक टोक दातात धरलं, तर दुसरं पोचेना. भिंतीला पाठ लावून कापड दाबून धरलं, तर हललं की खाली. दोन बोटांना अंगठ्याशिवाय काही धरता येत नाही. धरल्यासारखं वाटतं आणि सुटतं. बाहेर बाया हाका मारत होत्या. मला रडू फुटत होतं आणि आवाज करता येत नव्हता.

मागून कोणीतरी माझ्या हातातली टोकं घेतली. सासू होती. तिने घट्ट गाठ मारली, कोपरे खोचले आणि काही न बोलता निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मी गोठ्यामागे गेले तर ती आधीच तिथे उभी होती. मग रोज तसंच झालं. ती बोलत नसे, मीही नाही. एकदा माझी चोळी सापडेना. संध्याकाळी सापडली तेव्हा पुढची गाठ काढून तिला बटणं लावलेली होती. तेही कोणी लावलं ते कोणी बोललं नाही. मला वाटलं, सासऱ्यांना कळू नये म्हणून ती झाकते आहे. घरात लाज झाकावी तशी. म्हणून मीही झाकायचं. तिचा माझा न बोललेला करार आहे, असं मी धरून चालले. आणि मधूनच अशीही भीती वाटे की ती मोजते आहे. मला काय काय येत नाही त्याचा हिशेब ती मनात ठेवते आहे, मावसबहीण आली की सांगायला.

डाव्या हाताने मी वेचत होते. इतर बाया दोन ओळी धरत, मी एक. संध्याकाळी वजन व्हायचं तेव्हा माझं निम्म्याच्या आसपास भरायचं. तरी मी वेचते आहे, हे गावाने पाहिलं. दिवाणजींनीही ऐकलं.

मार्गशीर्षात तारीख आली. आम्ही तिघं मोटारीने यवतमाळला गेलो. नवरा आला नाही. आदल्या दिवशी संध्याकाळी त्याने माझ्यासाठी नवी चप्पल आणून ठेवली होती, तेवढंच. रस्ताभर मी मनात घोकत होते. भाकरी थापता येत नाही. दोरी ओढता येत नाही. कापूस नीट वेचता येत नाही. शाळेतल्या कवितेसारखं घोकत होते, आणि त्याच कवितेसारखं तोंडातून बाहेर येणार नाही हे मला माहीत होतं.

खोली मोठी होती. वर पंखा होता, थंडी म्हणून बंद. साहेब तरुण होते, मुंबईकडून बदलून आलेले, शांत बोलणारे. एका बाजूला दिवाणजी आणि त्यांचा वकील. आमच्या बाजूला अर्ज लिहिणारा म्हातारा, त्याच्यामागे बाकावर सासरे. सासू दाराजवळ जमिनीवर बसली. कारकून म्हणाला, देवाची शपथ घ्या. सासरे बसल्या जागेवरून म्हणाले, "आम्ही देव सोडले जी." साहेब म्हणाले, "चालेल. खरं सांगेन, एवढं म्हणा." मी म्हटलं. कोणाला ऐकू आलं नाही, म्हणून पुन्हा म्हणायला लावलं.

डॉक्टरचा कागद वाचून झाला. मग वकील उठले. "साहेब, ही बाई या हंगामात शेतात कापूस वेचते आहे. रोज जाते. कमाई गेली हे म्हणणं खरं नाही. पुस्तकातल्या हिश्शापेक्षा जास्त देण्याचं कारण नाही." दिवाणजींनी पिशवीतून पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या झाडाची, एक फांदी काढली. तीनचार बोंडं उमललेली होती. ती त्यांनी टेबलावर ठेवली. "हिलाच वेचून दाखवू द्या."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "जमेल तेवढं करून दाखवा. घाई नाही."

टेबलाजवळ गेले. मागे सासरे होते. त्यांची नजर पाठीवर लागल्यासारखी वाटत होती. मला मावसबहीण दिसली, खाटेवर बसून तंबाखू मळणारी. मला भावजयीचं दार दिसलं. घोकलेलं सगळं गेलं. मी डावा हात पुढे केला, उजव्याच्या दोन बोटांनी फांदी दाबून धरली आणि एकेक बोंड वेचलं. पाल्याचा कण लागू दिला नाही. टेबलावर ठेवलेली फांदी ती, वाऱ्याने हलत नव्हती, काटक्या नव्हत्या, पाठ वाकवावी लागत नव्हती. तीन बोंडं मी अशी झटझट काढली की कारकून म्हणाला, "वा!"

"म्हणजे काम होतं तर," साहेब म्हणाले.

"हो जी."

"घरचं?"

"होते जी. सगळंच होते."

अर्ज लिहिणाऱ्याने चष्मा काढून हातात घेतला. दिवाणजी खुर्चीत मागे टेकले. साहेबांनी लिहायला सुरुवात केली. त्यांचा टाक कागदावर करकर वाजत होता. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी काय केलं. शपथेवर. सगळंच होते, म्हणाले. भाकरी होत नाही, दोरी होत नाही, केस विंचरता येत नाहीत, आणि मी सगळंच म्हणाले. कान गरम झाले. मागे वळून बघायचं धैर्य होईना. आता भरपाईही गेली आणि खोटं बोलल्याची शिक्षाही होईल, असं वाटलं.

"साहेब," दारातून आवाज आला. "तिले ओटी बांधाले सांगा."

सासू उठून उभी राहिली होती. शिपाई तिला खाली बसवायला धावला.

"कोण या?" साहेबांनी विचारलं.

"सासू आहे मी तिची. खोटं बोलून राह्यली ते."

मी टेबलाची कड धरली. मला वाटलं, हीच ती वेळ. इतके दिवस मोजून ठेवलेलं ती आता सगळ्यांसमोर मांडणार.

वकील म्हणाले, "साहेब, यांना मधे बोलण्याचा अधिकार..."

"तुमच्याच माणसाने फांदी आणली," साहेब म्हणाले. "बाईंना बोलू द्या. ओटी म्हणजे काय बांधायचं?"

सासूने स्वतःच्या कमरेला गुंडाळलेला फडका सोडला आणि पुढे येऊन टेबलावर टाकला. "वेचलेला कापूस ठेवन कोठी? दातात? हे कमरेले बांधावं लागते. बांध वो."

"आत्याबाई..." मी म्हणाले.

"बांध म्हणलं ना."

मी फडका घेतला. डाव्या हाताने एक टोक कमरेमागे नेलं. दुसरं उजव्या दोन बोटांत धरलं. सुटलं. पुन्हा धरलं. दातात एक टोक घ्यायला वाकले, तर फडका पायाशी पडला. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मी टेबलाच्या कडेला पोटाने कापड दाबलं आणि मागून हात घातला, तसा वेचलेला कापूस टेबलावरून लोटला जाऊन खाली पडला. त्याचे पुंजके फरशीवर इकडेतिकडे गेले. मी ते उचलायला खाली बसले आणि खालीच बसून राहिले.

"रोज सकाळी म्याच बांधून देतो," सासू म्हणाली. "गोठ्यामागं. हिले वाटते कोणाले दिसत नाई. येणी म्याच घालतो. भाकर म्याच थापतो. चोळीची गाठ मारता येत नाई, त बटनं लावून देल्ली. ओटी बांधून देल्ली त दिवसभर वेचते, अन् बाकीच्या बायांच्या निम्मं आणते. हे तिच्या कामाचं मोजमाप आहे. तुमच्या टेबलावरची काडी नोहे."

साहेबांनी टाक खाली ठेवला. मग मला म्हणाले, "मघाशी सगळं होतं असं का म्हणालात?"

मी जमिनीकडे बघत होते.

"सून आहे जी ते," सासू म्हणाली. "सासऱ्यासमोर होत नाई म्हणन का? तुमच्या घरची म्हणन?"

साहेबांनी टाक उचलला आणि आधी लिहिलेल्या दोन ओळींवर रेघ मारली. मला ती रेघ दिसली. शिक्षेचं कोणी नाव काढलं नाही, तरी खोलीतून बाहेर पडेपर्यंत मी शिपायाच्या हातांकडे बघत होते.

निकाल नंतर टपालाने आला. पुस्तकात बोटांचा जो हिस्सा होता त्याहून जास्त, आणि अर्ज लिहिणाऱ्याने मागितलं होतं त्याहून कमी. सासऱ्यांनी तो कागद तीन वेळा माझ्याकडून वाचून घेतला. त्यात लिहिलं होतं की अर्जदार बाईला दुसऱ्याच्या मदतीवाचून मजुरीचं काम करता येत नाही. मी ते वाक्य वाचताना अडखळले. सासरे म्हणाले, "वाच. खरं आहे ते. लाज आपली नाई."

त्या पैशात बंडीला, म्हणजे बैलगाडीला, जोडायला बैलांची जोडी घ्यायचं ठरलं, म्हणजे नवऱ्याला जीन सोडता येईल. बाजारात गेल्यावर तेवढ्यात एकच बैल आला. दुसरा वर्षभर शेजाऱ्याचा मागून जोडत होतो. लोक हसायचे, बोटांचा बैल म्हणायचे त्याला. मला ते ऐकून चर्र व्हायचं. नवरा मात्र हसायचा, आणि जीनमध्ये पुन्हा गेला नाही.

पण हे नंतरचं. त्या दिवशी कचेरीतून बाहेर आलो तेव्हा मला काही माहीत नव्हतं. सासरे पुढे चालत होते, आम्ही दोघी मागे. मोटारीच्या फलाटाशी येईपर्यंत सासू बोलली नाही. मी मनाशी माहेरी न्यायच्या गाठोड्यात काय काय बांधायचं ते ठरवत होते. दोन लुगडी, चप्पल नवी आहे ती. गाठोडं बांधून कोण देईल, हेही मनात आलं.

"तुले काय वाटलं," सासू एकदम म्हणाली, "म्या तुहं झाकून राह्यली होती?"

मी मान हलवली.

"मले वाटलं तुले लाज वाटते म्हून तू गोठ्यामागं जाते. म्हून मीबी तठीच आली. नाई त अंगणातच बांधली असती." मग थोड्या वेळाने, रागाने, "साहेबासमोर सगळंच होते म्हणे! सगळंच होते त भाकर थाप मंग उद्यापासून."

मला हसू आलं नाही. मी हळूच विचारलं, "मावशी येणार हायेत ना?"

"येऊ दे."

मोटार आली, आम्ही बसलो. पूर्ण रस्ता मी त्या दोन शब्दांचा अर्थ लावत होते आणि मला तो लागत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेचणीला जायचं होतं. मी सवयीने गोठ्यामागे गेले. तिथे कोणी नव्हतं. उभी राहिले. बाया जमल्याचा आवाज येत होता, आणि त्यात मावसबहिणीचाही होता. ती पहिल्याच मोटारीने येऊन पोचली होती. मी फडका हातात घेऊन तशीच थांबले.

"कोठी गेली वो?" सासूची हाक आली, अंगणातून, सगळ्या बायांमधून. "इकडं ये. उशीर होते."

मी गेले. सासरे ओसरीवर बसले होते. मावसबहीण खाटेवर होती, तळहातावर तंबाखू. सासूने सगळ्यांसमोर माझ्या हातातला फडका घेतला, मला पाठमोरी फिरवलं आणि गाठ मारली. एवढी घट्ट मारली की माझा श्वास अडला.

"हे रोजचंच का वो?" मावसबहीण म्हणाली.

"रोजचंच," सासू म्हणाली. "तुह्या दिराच्या पोरीले दुसरं घर पाहाय."

मी खाली मान घालून बायांबरोबर निघाले. सासू जिवंत होती तोवर हंगामात रोज सकाळी ती अंगणातच ओटी बांधून देत असे. तरी कोणी नवीन माणूस घरी आलं की माझा उजवा हात आपोआप पदराखाली जातो. अजूनही जातो.